पम्यास पत्र: काय बघायचं, आणि कुणाबरोबर

सांगली,
दिवाळीनंतरचा रविवार

प्रिय पम्या,

तुझा मेसेज मिळाला. काय लावायचं हे ठरेपर्यंत जेवण गार होतं, म्हणून महिन्याची यादी पाठव म्हणतोस. पाठवतो की. पण माझी अट जुनीच आहे. नुसतं नाव वाचून लावायचं नाही. कधी, कुठं आणि कुणाबरोबर हेही मीच सांगणार. मागं एक चांगला सिनेमा तू घरात पाहुण्यांचा गराडा असताना लावलास आणि वर मलाच म्हणालास, "काय दम नव्हता." मर्दा, शेजारी चिवड्याची ताटली फिरत असताना कुठल्या सिनेमात दम राहील?

तर पहिला 'साबर बोंडं'. रोहन कानवडेचा. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात त्याला ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं, पेपरात बातम्या आल्या आणि सप्टेंबरात तो थिएटरला लागला. मी पुण्यात कामाला आलो होतो तेव्हा दुपारच्या शोला जाऊन बघितला. (तू ऑफिसात होतास, बोंबलू नकोस.) मुंबईत राहणारा आनंद वडील गेल्यावर दहा दिवस गावी येतो. तिथं लहानपणीचा मित्र बाळ्या भेटतो आणि दोघं एकमेकांच्या प्रेमात पडतात. गोष्ट एवढीच. दिग्दर्शकानं स्वतःच्या वडिलांच्या दुखवट्यातल्या दिवसांवरून ती लिहिली आहे आणि ते जाणवतं. सुतकातल्या घरात पोराच्या लग्नाचा विषय किती लवकर निघतो, कोण काढतं, कुठल्या सुरात काढतं, हे त्या ओसरीवर बसल्याशिवाय लिहिता येत नाही. शिवाय पार्श्वसंगीत अजिबात नाही. आता रडा, आता हसा असं सांगायला कुणी व्हायोलिन घेऊन उभं नाही. शेरडं, किडे, वारा, भांडी, बस्स. म्हणून हा एकट्यानं बघायचा, रात्री, हेडफोन लावून. आवडला तर मग वहिनींबरोबर पुन्हा बघ. कार्यकारी निर्मात्यांत आपल्या सांगलीची सई ताम्हणकर आहे, हे तुला मुद्दाम सांगतो, कारण गावचं नाव निघालं की तू कॉलर ताठ करतोस.

'दशावतार' तू एव्हाना बघितला असशीलच. नसशील तर उलटं कर: आईला, पोरांना, सगळ्यांना घेऊन आणि मोठ्या आवाजात. उत्तरार्धात गोष्ट जरा घाईची होते, काही ठिकाणी भाषणही होते, पण ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर तो अख्खा सिनेमा ज्या अंगानं पेलतात ते बघून मी गप्प बसलो.

मालिकेत 'मानवत मर्डर्स'. २०२४ ची आहे, पण तू बघितली नाहीस हे मला पक्कं ठाऊक आहे. सत्तरच्या दशकात परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये झालेल्या खूनसत्राचा तपास रमाकांत कुलकर्णींनी केला होता, त्यावर आशिष बेंडेनं केलेली. आशुतोष गोवारीकर पोलीस अधिकारी म्हणून सुरुवातीला फार सभ्य वाटतो, मग तेच शोभायला लागतं. पोरं झोपल्यावरच लाव. आणि एका रात्रीत संपवू नकोस, दुसऱ्या दिवशी मीटिंगला डोळे तांबडे करून बसशील.

गाण्यांचं मात्र मी जरा लांबण लावणार आहे.

तुझी पोरगी जे ऐकते ते तूही ऐक. डीजे क्रेटेक्सनं मराठीत हाउस, म्हणजे क्लबात नाचायचं संगीत, आणलं, त्याचं 'तांबडी चामडी' नेदरलँडच्या स्पिनिन रेकॉर्ड्सनं काढलं. जळगावकडच्या संजू राठोडच्या 'गुलाबी साडी'वर तर सगळ्या वराती नाचल्या. नाकं मुरडणाऱ्यांत मी नाही. ही गाणी उभ्यानं, गर्दीत, घाम येईपर्यंत ऐकायची असतात. सोफ्यावर बसून ऐकलीस तर तुला त्यात काही सापडणार नाही, आणि त्यात चूक गाण्याची नसेल.

पण या महिन्यात माझ्या डोक्यात दुसरंच घुमतंय. मिरजेला सतारमेकर गल्लीत गेलो होतो, भाच्याचा तानपुरा दाखवायला. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, त्याचं गल्लीत कौतुक आहेच, पण दुकानात बसलं की हे सगळं बाजूला राहतं. मंगळवेढा-पंढरपूरकडचे वाळलेले भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुस्सा. कारागीर घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, जवारी काढत होता, आवाजाची गुंज जमवत होता: जरा घासायचं, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा घासायचं. तारेखाली दोरा सरकवत सरकवत एका जागी तो थांबला आणि बोदा आवाज एकदम खुलला. भाचा तोवर मोबाईलमध्ये होता, त्यानंसुद्धा मान वर केली.

घरी येऊन अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका लावल्या. किराणा घराण्याचा हा गवई मिरजेत स्थायिक झाला. ऑक्टोबर १९३७ मध्ये दक्षिणेत प्रवासात असताना एका रेल्वे स्टेशनवर गेला आणि इथं मिरजेच्या दर्ग्यात त्याला आणून ठेवलं. तिथल्या संगीत सभेला आपण कॉलेजात असताना रात्रभर बसायचो, आठवतंय ना? तू चहाच्या टपरीवर जास्त असायचास. तर त्यांची 'जमुना के तीर' ऐक. भैरवी आहे. त्या काळच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, त्यामुळं आलापाला पसरायला जागाच नाही. तरी घाई कुठं दिसत नाही. सवाई गंधर्व खाँसाहेबांचेच शिष्य आणि भीमसेनजी सवाई गंधर्वांचे, एवढं लक्षात ठेवून ऐकलंस तर पुढचं बरंच काही त्या तीन मिनिटांत सापडेल. खरखर आहे, ती साफ केलेली आवृत्ती शोधत बसू नकोस. पहाटे ऐक, कुणी उठायच्या आत. कुणाला ऐकवू नकोस, निदान पहिल्यांदा तरी.

आणि ते ऐकून झालं की त्याच आठवड्यात चैतन्य ताम्हाणेचा 'द डिसायपल' बघ. २०२० मध्ये व्हेनिस चित्रपट महोत्सवात पटकथेचं पारितोषिक मिळालेला. तू मागं अर्धवट सोडलास, 'फार संथ' म्हणून. गाणं शिकूनही मोठा गवई न होणाऱ्या माणसाची गोष्ट झपाझप कशी सांगणार, सांग बघू. नायक आदित्य मोडक स्वतः गातो, आणि रात्री मोटरसायकलवर तो ज्या माईंची व्याख्यानं ऐकत हिंडतो तो आवाज सुमित्रा भाव्यांचा. चाळिशी उलटलेल्या माणसानं बघायचा सिनेमा आहे. तेव्हा तुला संथ वाटला कारण तू चाळिशीच्या आत होतास.

पॉडकास्टचं थोडक्यात. दोन-दोन तास गप्पांचे एवढे झालेत की माणसं बोलायची कधी थांबतात असं वाटतं. त्यातल्या त्यात 'अमुक तमुक'चे ठरावीक भाग बरे, पाहुणा जाणकार असला तर. ते घरी ऐकू नकोस, गाडीसाठी ठेव. पुण्याहून इकडं येताना खंबाटकी घाट उतरलास की एक लाव, पेठ नाक्याला संपतो. रोजच्यासाठी बीबीसी मराठीची 'सोपी गोष्ट' पुरे, दात घासता घासता होते.

शेवटचं मात्र फोनवर मिळणार नाही. राज्य नाट्य स्पर्धेच्या फेऱ्या आता सुरू होतील. हौशी मंडळी, दिवसा नोकरी आणि रात्री तालीम करून उभी केलेली नाटकं. काही इतकी वाईट असतात की मध्यंतरात पळावंसं वाटतं, आणि मधेच एखादं असं निघतं की व्यावसायिकवाल्यांनी येऊन शिकावं. पाच नोव्हेंबरला रंगभूमी दिन आहेच; १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ज्या सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं तिथले असून आपण नाटकाला जात नाही, हे काय बरं नव्हे. हे माझ्याबरोबर बघायचं. पळायचं ठरलं तरी दोघं मिळून पळू, बाहेर भेळ आहेच.

वेळापत्रक लागलं की फोटो पाठवतो. शनिवार मोकळा ठेव, आणि आईला सांग, नंद्या जेवायला येणार आहे, भाकरी आणि खर्डा कर.

तुझा,
नंद्या