जळजळ नाही, तरी खोकला पित्ताचा?

महोदय,

मोठ्या माणसाचा खोकला ८ आठवड्यांहून अधिक टिकला, की तो जुनाट समजतात. एक्स-रे स्वच्छ आला तरी कफ सिरपच्या बाटल्या रिचवत राहणारे कितीतरी जण दिसतात, याचे वाईट वाटते. छातीत जळजळ नसल्याने आम्लपित्ताचा संशयच येत नाही. पण जठरातले आम्ल आणि पेप्सिन हे पाचक द्रव्य घशापर्यंत चढले, तर जळजळ न होताही स्वरयंत्र चिडते. सतत घसा खाकरणे, सकाळी बसलेला आवाज, घशात गोळा अडकल्यासारखे वाटणे, जेवल्यावर किंवा आडवे होताच येणारी ढास, हे सारे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. दमा, क्षयरोग, रक्तदाबाच्या काही गोळ्या हीही कारणे तपासायलाच हवीत. रात्रीचे जेवण झोपेच्या ३ तास आधी उरकावे, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करावी. नुसत्या उशा रचून भागत नाही. त्याने पोट दुमडून उलट दाब वाढतो.

– एक वाचक