ब्युरोच्या मावशींची परीक्षा खाटेपाशी घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पक्षाघात झालेला किंवा खुब्याचे हाड मोडलेला रुग्ण घरी सोडतात तेव्हा डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची नावे, वेळा, पुढच्या तपासणीची तारीख असे सगळे नीट लिहिलेले असते. ‘दर दोन तासांनी कूस बदलणे, नळीने आहार देणे’ हे मात्र एका ओळीत उरकलेले असते. ती ओळ पाळण्याचे काम घरी रुग्णसेवेला माणसे पुरवणाऱ्या ब्युरोकडून येणाऱ्या मावशींवर किंवा मामांवर पडते. घरचे लोक ब्युरोला विचारतात ते दर किती, बारा तास की चोवीस, आधार कार्ड आहे का, एवढेच. ‘आमच्या पेशंटला कुशीवर वळवून दाखवा’ असे क्वचितच कोणी म्हणते. ते म्हणावे, यासाठी हे पत्र.

परिचारिकांच्या अभ्यासक्रमांपैकी एएनएमचा दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन वर्षांचा. त्यांची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे होते. मावशी या नोंदणीत येत नाहीत. त्यांच्यासाठी ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’ नावाचा कौशल्य अभ्यासक्रम आहे. तो केलेल्यांना जरूर प्राधान्य द्यावे. पण प्रमाणपत्र असो वा नसो, हात बघितल्याशिवाय काम सोपवू नये.

सगळ्यात जास्त चुका कूस बदलण्यातच होतात. समजा, उताण्या रुग्णाला डाव्या कुशीवर घ्यायचे आहे. आधी खाटेला चाके असतील तर ब्रेक लावायचा आणि खाट सपाट करायची. मग रुग्णाला उजव्या कडेकडे सरकवायचे, नाहीतर वळल्यावर तो डाव्या काठावर येतो. सरकवताना काखेत हात घालून ओढायचे नाही. खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी दुहेरी घडीची चादर अंगाखाली कायम ठेवावी आणि दोघांनी दोन्ही बाजूंनी ती धरून उचलत सरकवावे. ओढल्यावर कातडी गादीला चिकटून राहते, आतले हाड पुढे सरकते आणि मधल्या बारीक रक्तवाहिन्या ताणल्या जातात. माकडहाडावरची जखम पुष्कळदा अशी आतून सुरू होते; वर दिसते तोवर बराच उशीर झालेला असतो.

सरकवून झाले की उजवा गुडघा वाकवायचा, उजवा हात छातीवर आणि डावा हात अंगापासून दूर ठेवायचा. मावशींनी डाव्या बाजूला उभे राहून एक हात रुग्णाच्या पलीकडच्या खांद्यावर, दुसरा खुब्यावर ठेवून दोन्ही एकदम आपल्याकडे वळवावेत. नुसता हात धरून ओढला तर पक्षाघाताच्या रुग्णाचा खांदा निखळू शकतो. लुळ्या बाजूच्या स्नायूंना तो धरून ठेवण्याची ताकद उरलेली नसते. खुब्याचे ऑपरेशन झाले असेल तर कोणत्या कुशीवर घ्यायचे आणि पाय किती वाकवायचा, हे आधी सर्जनना विचारून घ्यावे.

आता पाठीमागे खांद्यापासून कंबरेपर्यंत उभी उशी लावून रुग्णाला तिच्यावर थोडे मागे रेलू द्यायचे. अंग साधारण तीस अंशांत तिरके राहायला हवे. पूर्ण आडवी कूस केली तर सगळा भार खुब्याच्या एका हाडावर येतो आणि तिथे नवी जखम होते. दोन गुडघ्यांमध्ये एक उशी, पोटऱ्यांखाली एक उशी. टाचा हवेत राहिल्या पाहिजेत. शेवटी माकडहाडाखाली तळहात सारून बघावा. हात सहज गेला तर जागा मोकळी झाली. कान दुमडलेला नाही ना, लघवीची नळी मांडीखाली दबली नाही ना, हे पाहूनच पलीकडे वळावे.

प्रत्येक वेळी त्वचा उजेडात बघायची. लाल दिसलेल्या जागेवर बोट दाबून सोडावे. जागा पांढरी होऊन पुन्हा लाल झाली तर दाब वेळेत कळला. लालीच हटली नाही तर बेडसोरची, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या दाबाच्या जखमेची, सुरुवात झाली आहे. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही. तिथे जागा गरम लागते का, कडक किंवा पिचपिचीत लागते का, हे हाताने पाहावे. तेल लावून ती जागा चोळणे हा घरोघरीचा उपाय नुकसानच करतो, कारण आधीच दुखावलेल्या पेशी चोळल्याने आणखी तुटतात. भोकाची रबरी रिंगही नको. तिच्या कडेने रक्तपुरवठा दाबला जातो.

एअर बेड घेतला म्हणजे कूस बदलायला नको, हा गैरसमज तर फारच पसरला आहे. पंपावरचे बटण रुग्णाच्या वजनाप्रमाणे लावावे लागते. त्यावर रबरशीट, गोधडी आणि वर दोन चादरी घातल्या की गादीचा उपयोग संपला. एक पातळ चादर पुरते. गादी चांगली असेल तर अंतर थोडे वाढवता येते, पण ते त्वचा तपासून डॉक्टरांनी किंवा सिस्टरनी ठरवायचे.

चुका होण्याची दुसरी मोठी जागा आहाराची. तोंडाने खाणाऱ्या रुग्णाला जितके ताठ बसवता येईल तितके बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, लहान चमच्याने भरवावे. मान मागे टाकून चमचा ओतला की घास श्वासनलिकेत जाण्याची वाट मोकळी होते. चांगल्या बाजूच्या गालात घास द्यावा आणि गिळल्याचे बघूनच पुढचा. जेवण झाल्यावर लुळ्या बाजूच्या गालात अन्न साठले आहे का, हे तोंड उघडून पाहायचेच. पाण्याने ठसका लागतो आणि पेज नीट जाते, असे बऱ्याच रुग्णांत दिसते. पातळ पदार्थ घशात फार वेगाने उतरतो. खाल्ल्यावर आवाज घरघरा, ओलसर झाला तर भरवणे थांबवून डॉक्टरांना कळवावे. ठसका न लागताही अन्न फुप्फुसात जाऊ शकते.

नाकातल्या नळीने देताना पाठ तीस ते पंचेचाळीस अंश उचललेली हवी. नाकपुडीपाशी नळीवरची खूण रोजच्या जागी आहे का बघावे, मग सिरिंजने हलकेच ओढून पाहावे. खूण सरकली असेल, काही शंका वाटली किंवा मागच्या वेळचे बरेच दूध परत आले, तर काहीही घालायचे नाही. खूण बरोबर असेल तर तीसेक मिली पाणी, मग ठरवून दिलेला आहार, बहुतेकदा एका वेळी दोनशे ते अडीचशे मिली. सिरिंजचा दट्ट्या काढून, नळी उंच धरून आपोआप उतरू द्यावा. पंधरा-वीस मिनिटे लागतातच. दट्ट्याने रेटला की उलटी. शेवटी पुन्हा पाणी, आणि तासभर रुग्णाला आडवे करायचे नाही. म्हणून कूस आणि अंगपुसणी आहाराच्या आधी उरकावी. गोळी कुटून देता येते का, हे प्रत्येक गोळीचे वेगळे विचारावे. काही गोळ्यांवरचे आवरण मुद्दाम असते. नळी निघून आली तर मावशींनी ती परत घालायची नाही.

लघवीची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता. कूस बदलताना ती रुग्णाच्या अंगावर ठेवली की जुनी लघवी उलट आत जाते. पिशवीवरचे आकडे अंदाजाचे असतात. मोजायची तर भांड्यात ओतून मोजावी. स्त्री रुग्णाची स्वच्छता पुढून मागे. सदरा घालताना आधी लुळा हात, काढताना तो शेवटी. खुर्चीवर घेण्याआधी खाटेच्या कडेला दोन-तीन मिनिटे बसवावे, चक्कर येते का बघावे. खुर्ची चांगल्या बाजूला, ब्रेक लावलेली, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला केलेली. आणि प्रत्येक कामाआधी व नंतर साबणाने चाळीस ते साठ सेकंद हात धुणे.

एवढे सगळे करणाऱ्या बाईंकडून आपण घरातली भांडी आणि पोळ्याही करून घेतो, हे थांबले पाहिजे. त्यांना इंजेक्शन द्यायला, सलाइन लावायला किंवा ऑक्सिजनचा आकडा बदलायला सांगणेही थांबले पाहिजे. ते काम त्यांचे नाही आणि काही झाले तर दोष त्यांच्यावरच येतो. शिवाय चोवीस तासांच्या बाईंना रात्री झोप लागणारच. रात्री दोनची आणि चारची पाळी घरातल्यांनी वाटून घ्यावी, किंवा रात्रीसाठी वेगळी व्यक्ती ठेवावी. भिंतीवर एक कागद लावावा: वेळ, कूस, आहार, लघवी, त्वचा. ड्यूटी बदलताना तोच कागद दुसऱ्या मावशींना वाचून दाखवावा.

ब्युरोचालकांना विनंती, की माणूस पाठवण्याआधी एका खाटेवर अर्धा तास घालवून वळवणे, भरवणे आणि खुर्चीवर घेणे या तीन गोष्टी करून घ्याव्यात. रुग्णालयांनी डिस्चार्जच्या आदल्या दिवशी मावशींना वॉर्डात बोलवावे. एक कूस आणि एक आहार त्यांनी सिस्टरसमोर द्यावा आणि सिस्टरनी कार्डावर तसे लिहावे. त्या दिवसाची मजुरी नातेवाइकांनी द्यावी.

– एक निवृत्त परिसेविका, पुणे