‘सोटर’ हे आडनाव नव्हे

महोदय,

रविवार पुरवणीतील इंडो-ग्रीक नाण्यांवरचा लेख वाचला. विषय चांगला, मांडणीही देखणी. पण टॉलेमी सोटर, अँटिओकस सोटर आणि मिनँडर सोटर यांना एकाच ‘सोटर घराण्या’त बसवले आहे, ते काही गळी उतरत नाही. पहिला इजिप्तचा राजा, दुसरा सिकंदराचा सेनापती सेल्युकस याचा मुलगा आणि तिसरा ‘मिलिंदपञ्ह’ या पाली बौद्ध ग्रंथातला मिलिंद, म्हणजे इंडो-ग्रीक राजा. तिघांची घराणी निरनिराळी.

ग्रीकमध्ये सोटर म्हणजे त्राता. मुळात हे झ्यूससारख्या देवांचे बिरुद. पुढे ते राजांना लागले. डिमिट्रियस या मॅसेडोनियन सेनानीने इ.स.पू. ३०५-३०४ मध्ये रोड्स या ग्रीक बेटाला वेढा घातला, तेव्हा टॉलेमीने धान्य आणि सैनिक पाठवून बेट तगवले. म्हणून रोड्सच्या लोकांनी त्याला हे बिरुद दिले, असे ग्रीक प्रवासलेखक पौसानियस सांगतो. अँटिओकसला ते आशिया मायनरमध्ये घुसलेल्या गॅलेशियन (केल्टिक) टोळ्यांना हुसकावल्याबद्दल मिळाले. सगळेच मानकरी असे नव्हते म्हणा. सिसिली धुऊन नेणाऱ्या व्हेरेस या रोमन सुभेदारालाही सिराक्यूजमधल्या एका कोरीव लेखात ‘सोटर’ म्हटले होते! रोमन वक्ता सिसेरो याने त्यावरून त्याची चांगलीच हजेरी घेतली आहे.

लेखासोबत मिनँडरच्या चांदीच्या नाण्याची फक्त दर्शनी बाजू छापली आहे. त्यावरच भिंग धरावे. चेहऱ्याभोवती ‘बॅसिलिओस सोटेरोस मेनांड्रू’ अशी षष्ठी आहे: राजा, त्राता मिनँडर याचे. बिरुद आधी, नाव शेवटी. मागच्या बाजूला वज्र फेकणारी ग्रीक देवी अथेना आणि खरोष्ठी या वायव्य भारतातल्या प्राचीन लिपीत ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’. कोरणाऱ्याने मिनँडर तसाच ठेवला आणि सोटरचे ‘त्रतर’ केले. आडनावाचा कोणी असा अर्थ कोरत बसेल का?

हा शब्द व्यक्तिनाम म्हणूनही चालला, हे खरे. दुसऱ्या शतकात रोमचा एक बिशप सोटर नावाचा होता. उलट एका कुशाण राजाच्या नाण्यांवर नावच नाही, नुसते ‘सोटर मेगास’, म्हणजे थोर त्राता. इतिहासकार बरीच वर्षे त्याला याच बिरुदाने ओळखत होते. १९९३ मध्ये अफगाणिस्तानात रबातकचा शिलालेख मिळाल्यावर, त्यातल्या कुशाण राजांच्या यादीवरून, बहुतेकांनी ती नाणी विम तक्तो या राजाची मानली.

दुरुस्ती छापाल तेव्हा नाण्याची मागची बाजूही छापावी, ही विनंती. खरोष्ठी उजवीकडून डावीकडे वाचतात, एवढे चित्राखाली दिले तर वाचकांना अक्षरे लावून पाहता येतील.

– एक नाणे-अभ्यासक