डिसॅबिलिटी पेन्शनचे अपील आणि घरातल्या बाईचा जबाब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पंधरा दिवसांपूर्वी एक ताई माझ्या पडवीत पत्र्याची काळी ट्रंक घेऊन आल्या. वर पांढऱ्या रंगात नवऱ्याचा फौजी नंबर. आत डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, दवाखान्याचे कागद आणि तळाशी घडी करून ठेवलेले एक इंग्रजी पत्र. नवरा जाऊन चार वर्षे झाली. पत्र त्याच्याही सात वर्षे आधीचे. मजकूर एवढाच, की तुमचा आजार नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीत वाढलेलाही नाही, सबब डिसॅबिलिटी पेन्शन देता येत नाही. मान्य नसल्यास सहा महिन्यांत अपील करावे. नवऱ्याने घरी येऊन ‘नाही म्हणाले’ एवढेच सांगितले होते. अपील नावाची काही गोष्ट असते, हे ताईंना अकरा वर्षांनी माझ्याकडून कळले.

मी पलटणीत क्लार्क होतो. हवालदार म्हणून घरी आलो आणि तेव्हापासून आसपासच्या गावांतले अर्ज लिहून देतो. सातारा जिल्ह्याला फौज काही नवी नाही. आमच्या अपशिंगे मिलिटरी या गावातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. इतक्या पिढ्या फौजेत घालवलेल्या जिल्ह्यातही अपिलाची वाट बायांना माहीत नसावी, याचे मला फार वाईट वाटते.

ज्यांच्या घरी फौजी नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. नोकरी संपताना रिलीज मेडिकल बोर्ड होते. आजार नोकरीमुळे झाला का, नोकरीत वाढला का आणि अपंगत्व किती टक्के, हे बोर्ड ठरवते. टक्के निदान २० लागतात. बोर्डाने ‘नाही’ लिहिले की पहिले अपील, मग दुसरे, आणि तिथेही नाकारले तर सशस्त्र दल न्यायाधिकरण, म्हणजे आमच्या बोलण्यात एएफटी. आपल्याला त्यासाठी मुंबई गाठावी लागते. कायदा जवानाच्या बाजूने बराच आहे. १९८५ मध्ये भरती होऊन फिट्स येतात म्हणून १९९४ मध्ये घरी पाठवलेल्या धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीत झाला असे धरायचे आणि तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. टक्के वाढवून धरण्याचा लाभ राम अवतार निकालाने २०१४ मध्ये मुदत पूर्ण करून निवृत्त होणाऱ्यांनाही दिला. मंजूर २० टक्के ५० धरले जाऊ लागले.

या सगळ्यात एक खोट आहे, ती मला अर्ज लिहिता लिहिता दिसली. मानसिक आजाराच्या तीन-चार केसमध्ये बोर्डाने कारण लिहिले होते ‘घरगुती ताण’. म्हणजे दोष घरावर, आणि घर म्हटले की बाईवर. त्या बाईला मात्र कोणी एक शब्द विचारला नव्हता. नवरा सुट्टीवर आला की रात्री दचकून उठून दाराला आतून खाट लावायचा, फटाका वाजला की पोराला घेऊन जमिनीवर आडवा व्हायचा, हे बघणारी तीच. लग्नानंतरची पहिली दोन वर्षे माणूस हसता-खेळता होता आणि डोंगरावरच्या पोस्टिंगनंतर बदलला, हे तारीखवार सांगू शकणारीही तीच. तिचा जबाब फाईलला लागला तर ‘घरगुती ताण’ टिकणे अवघड आहे. म्हणून माझी पहिली मागणी ही, की जिथे घरचे कारण लिहायचे असेल तिथे बोर्डाने बायकोचा, ती नसेल तर आईचा जबाब तिच्या भाषेत घ्यावा आणि अपील समितीने तो वाचावा.

नवरा त्याच आजाराने गेला तर अपिलावर बाईचे पुढचे सारे आयुष्य अवलंबून असते. सुरुवातीची वाढीव दराची वर्षे सोडली तर साधे कुटुंब पेन्शन शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. मृत्यूचा नोकरीशी संबंध मान्य झाला तर विशेष कुटुंब पेन्शन ६० टक्के, म्हणजे सरळ दुप्पट. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, पण २००८ च्या तरसेम सिंग निकालापासून मागची थकबाकी साधारणपणे तीनच वर्षांची मिळते. बाकीची वर्षे गेली ती गेली. न वाचलेल्या एका पत्राची ही किंमत आहे.

आणि नाव. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलतात. पलटणीने पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लग्नाची सरकारी नोंद, काढली तेव्हा नवऱ्याने एक नाव सांगितले, रेशन कार्डावर दुसरे, आधारवर माहेरचेच राहिले. ताईंची तीन कागदांवर तीन नावे आहेत. अपील बाजूलाच राहते आणि दोन वर्षे ‘ही तीच बाई’ हे सिद्ध करण्यात जातात: प्रतिज्ञापत्र, पेपरात जाहिरात, पुन्हा जवानांचे कागद सांभाळणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसची चिठ्ठी. पुरुषाचे नाव जन्मापासून मरेपर्यंत एक असते, त्याला ही अडचण येतच नाही. नियम दोघांना एकच, पण अडकते ती बाई. नावाचे काम वेगळे चालू ठेवून अपील दाखल करून घ्यायला काय हरकत आहे? तलाठी आणि सरपंचांचा दाखला तेवढ्यापुरता चालावा.

भाषेचेही तसेच. महार रेजिमेंटच्या जवानाच्या विधवेला मध्य प्रदेशात सागरच्या रेकॉर्ड ऑफिसला फोन लावून हिंदीत बोलावे लागते, उत्तर येते इंग्रजीत. नकाराचे कारण मराठीत एका पानावर सोबत यावे आणि सहा महिने तेव्हापासून मोजावेत.

आता तर बाया स्वतः वर्दीत आहेत. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक २०१५ मध्ये कुपवाड्यात शहीद झाले आणि दोन वर्षांत त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक अधिकारी झाल्या, ते साताऱ्याने पाहिले. मिलिटरी पोलिसांत ८३ मुलींची पहिली तुकडी मे २०२१ मध्ये बाहेर पडली. सैनिक शाळांमध्येही मुली शिकत आहेत. यांच्यातली एखादी उद्या मेडिकल बोर्डापुढे उभी राहील. खडतर ट्रेनिंगमध्ये कमरेच्या आणि पायाच्या हाडांना बारीक तडे जाण्याचे प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त असते, हे डॉक्टरांना ठाऊक आहे. बाळंतपणानंतरच्या तक्रारी, पाळीचे त्रास हे तर पुरुष डॉक्टरांच्या बोर्डापुढे सांगणेच जड. त्या बोर्डावर एक महिला डॉक्टर सक्तीने हवी.

नियम एकच असला तरी अडकते ती बाई, हे २०२१ च्या नितिशा निकालात सर्वोच्च न्यायालयाने दाखवून दिले होते. पुरुषांना नोकरीच्या पाचव्या-दहाव्या वर्षी लावलेली शारीरिक कसोटी चाळिशी-पन्नाशीतल्या महिला अधिकाऱ्यांना लावली गेली. वरून समान दिसणारा तो नियम न्यायालयाने अप्रत्यक्ष भेदभाव ठरवला. तो खटला पर्मनंट कमिशनचा, म्हणजे अधिकारी म्हणून निवृत्तीपर्यंत नोकरी मिळण्याचा होता, पण हाच विचार पेन्शनच्या बोर्डालाही लागू व्हायला हवा. १९८८ मध्ये केवळ लग्न केले म्हणून घरी पाठवलेल्या मिलिटरी नर्सिंगच्या अधिकारी बाईंना ६० लाखांची भरपाई मिळाली ती २०२४ मध्ये. छत्तीस वर्षे लागली, आणि त्या शिकलेल्या, इंग्रजी जाणणाऱ्या होत्या.

ताईंचे अपील सोमवारी स्पीड पोस्टाने गेले. सोबत त्यांचा सहा पानी जबाब आहे. त्या सांगत होत्या, मी लिहीत होतो, दोन दिवस लागले. असे जबाब माण, खटाव, पाटणच्या कितीतरी घरांत सांगायचे राहिले आहेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने तालुक्याला एकेक दिवस फक्त विधवांसाठी आणि माजी सैनिकांच्या बायकांसाठी ठेवावा, जुनी पत्रे वाचून दाखवावीत. लिहायला मी येईन. त्याचे पैसे मी घेत नाही.

आपला,
एक निवृत्त हवालदार क्लार्क
ता. जि. सातारा