कैद्याला पत्र, पण पोहोचेल असे

महोदय,

युक्रेन युद्धाविरुद्ध बोलल्याबद्दल रशियात शिक्षा झालेल्यांना पत्रे पाठवा, असे आवाहन अधूनमधून होते. (मॉस्कोतले नगरसेवक अलेक्सेई गोरिनोव यांना सभागृहातल्या बोलण्यापायी २०२२ मध्ये सात वर्षांची कैद झाली!) भावना ठीक, पण मजकूर रशियनमध्येच हवा, नाहीतर पत्र सेन्सॉरच्या टेबलावरच पडून राहते. पाकिटावर वडिलांच्या नावासह पूर्ण नाव आणि जन्मवर्ष लिहा. उत्तरासाठी आत कोरे कागद घाला. आपली तिकिटे तिथे चालत नाहीत. खटला, युद्ध, सरकार यांविषयी चकार शब्द नको, ओळी काळ्या होतात. त्यापेक्षा आमच्या सराफा खाऊबाजारातले भुट्ट्याचे (मक्याचे) कीस खुशाल वर्णन करा. कैद्यांना वरचेवर हलवतात, म्हणून टपालात टाकण्याआधी पत्ता पुन्हा तपासा.

– एक वाचक, इंदूर