अण्णा, तुमचा वजनकाटा अजून माझ्याकडेच आहे

आदरणीय अण्णा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आभाराचा शब्द काढला की तुम्ही ‘बरं बरं, ठिवतो’ म्हणून मोकळे होता. म्हणून आता चारचौघांत लिहितोय. नातवाकडून वाचून घ्या, मध्येच उठू नका.

भर पावसाळ्यात मी आंब्याच्या लाकडाचं जेवणाचं टेबल करून दिलं होतं. मार्चमध्ये गिऱ्हाईकाचा फोन: टेबल मधोमध उकललंय, फटीतून शितं खाली पडतायत. ‘वाळलेलंच हाय’ असं वखारीत सांगितलं आणि मी ऐकलं. जुलैत कोल्हापुरात बनियन वाळत नाही, तिथं दीड इंची फळी कुठली वाळायला!

त्याच रागात शेडमागं लाकूड वाळवायची उन्हावरची भट्टी उभारली. दहा बाय सहा, आतून काळी, दक्षिणेकडं उतरतं पॉलिकार्बोनेटचं छप्पर, दोन पंखे, मागं झडपा. एप्रिलचं ऊन, झडपा सताड उघड्या, पंखे फुल्ल. चौथ्या दिवशी आतून तडतड ऐकू यायला लागली आणि मी खूश, भट्टी तापली म्हणून! फुटत होत्या त्या फळ्या.

तुम्ही उद्यमनगरात जन्मभर फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न केलेले, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा उठवतात ते नमुने. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना मीटरमागं साधारण 10 मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा धरायचा, आणि त्यात लाकूडच हललं तर सगळं कास्टिंग भंगारात. लुनावरून उतरलात, फुटलेल्या टोकावर अंगठा फिरवला आणि म्हणालात, “वारं घालायचं असतंय पोरा, चटका न्हवं.”

लाकडातलं पाणी 30 टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत फळी आकसत नाही, हे मला माहीतच नव्हतं. घाई केली की वरचा थर आधी त्या आकड्याच्या खाली येतो आणि आकसायला बघतो. आतलं लाकूड अजून ओलं, ते हलत नाही. मग वरचं फाटणारच.

टोकांना ऑइलपेंट, थरांमधल्या पट्ट्या एकावर एक ओळंब्यात, थप्पीवर दगड, हे तुम्ही तासाभरात करून घेतलंत. खरा धडा वजनाचा. फळीच्या मधून इंचभर चकती कापलीत, काट्यावर 168 ग्रॅम. मग ती काकूंच्या केकच्या ओव्हनमध्ये, शंभराच्या थोडं वर, वजन उतरायचं थांबेपर्यंत. (घरभर आंबूस वास. काकू काय म्हणाल्या ते इथं लिहीत नाही.) शेवटी 112 वर काटा थांबला. गेलेलं पाणी 56, भागिले कोरडं लाकूड 112, म्हणजे 50 टक्के. शेजारचा तुकडा बरोबर 6 किलो होता. तुम्ही त्याच्यावरच पेन्सिलीनं लिहिलंत: कोरडा 4 किलो, 10 टक्क्यांना 4 किलो 400. “ह्यो रोज तोल. ओलाव्याचं मीटर नंतर घे.”

त्या तुकड्याला थप्पीत अशी जागा ठेवली की ओढला की बाहेर. रोज सकाळी चहाआधी तोलायचो. वजन भराभर उतरायला लागलं की झडपा अर्ध्या लावायच्या. रात्री पंखे, झडपा सगळं बंद. मला ते वेळ वाया घालवणं वाटायचं. पण रात्री आतली हवा दमट होते, वरचा थर थोडा ओलावा परत घेतो आणि ताण सैलावतो. आता कळतंय.

4 किलो 400 चा आकडा आला त्या दिवशी मी रंधा घेऊनच धावलो. तुम्ही फोनवर थांबवलंत, “आधी कंगवा काप.” फळीच्या चकतीला कंगव्यासारखे दात कापले, तर ते एकमेकांकडं वळले, म्हणजे आत ताण तसाच होता. मग संध्याकाळी फवारणीच्या पंपानं भट्टीत बारीक पाणी मारून सगळं बंद ठेवलं. दोनतीनदा केल्यावर दात सरळ राहिले.

त्याच लाकडाचं टेबल पहिल्या गिऱ्हाईकाला बदलून दिलं. पावसाळा आणि त्यानंतरचा उन्हाळा काढला त्यानं, सांध्यात ब्लेडसुद्धा जात नाही.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. काकूंसाठी फणसाचे दोन पाट तयार आहेत, रविवारी घेऊन येतो. काटा मात्र इतक्यात मागू नका, जांभळाची थप्पी आत आहे आणि अजून 19 टक्क्यांवर अडून बसलीय.

तुमचा,
शेडवाला पोरगा