भांगलणीला येतेय, त्याआधी हे वाचा

बेळगाव,
आषाढ

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मी ख्रिस्ती झाले हे ऐकून फोनवर बाबा "ठेव" म्हणाले आणि मी ठेवला. म्हणून हे पत्र. बाबा कागद फाडत नाहीत, सोसायटीच्या जुन्या पावत्यासुद्धा ट्रंकेत आहेत. तेव्हा हेही राहील.

आधी पैशाचं सांगते. मला कुणी काही दिलेलं नाही. उलट रविवारी दानाच्या थैलीत माझेच वीस रुपये जातात. 2021 च्या डिसेंबरात इथल्या सुवर्णसौधात, म्हणजे कर्नाटकच्या विधानभवनात, धर्मांतराविरुद्धचं बिल आलं, तेव्हा टीव्हीसमोर बाबा म्हणाले होते, "आमिषाशिवाय कोण जातंय?" मीही मान डोलावली होती.

मला नेलं ते जळीत वॉर्डानं. दोन वर्षं झाली, तुम्हाला सांगितलं नव्हतं. बावीस वर्षांची पोर, खानापूरकडचीच, बोलणं अगदी आपल्यासारखं. जबाब घ्यायला माणूस आला तेव्हा दारात सासू उभी. पोर म्हणाली, "स्टोचा भडका उडाला." तो लिहून घेऊन गेला. रात्री पट्टी बदलताना ती हळूच म्हणाली, "सिस्टर, आमच्यात स्टो नाहीच हो. गॅस आहे." मी वर सांगितलं. "जबाब झालाय," एवढंच उत्तर आलं. चौथ्या दिवशी ती गेली. तिचं मंगळसूत्र पाकिटात घालून मी सासूच्याच हातात दिलं आणि वहीत तिची सही घेतली. माझ्या ह्या हातांनी.

त्यानंतर हरिपाठाला तोंड उघडेना. विठोबावर राग होता असं नाही. रागवायलासुद्धा समोर कुणीतरी लागतं. लोक म्हणायचे, प्रारब्ध तिचं. म्हणजे काडी लावणारी मोकळी आणि जळाली तिच्याच नावावर बाकी?

आमच्या वॉर्डातल्या आयामावशी ख्रिस्ती. त्यांनी तिची खाट पुसली, गादी उन्हात टाकली आणि माझ्याशेजारी येऊन बसल्या. उपदेश केला नाही. पिशवीतलं मराठी बायबल काढून योहानाच्या अकराव्या अध्यायात एका ओळीवर बोट ठेवलं. दोनच शब्द. येशू रडला. मित्राच्या थडग्यापाशी, आणि तेही त्याला आता उठवणार हे ठाऊक असून. मग मी स्वतःच वाचायला लागले. बायबलातल्या ईयोब नावाच्या सज्जन माणसाचं सगळं गेलं, तेव्हा त्याचे मित्रही हेच म्हणतात, तुझंच काही पाप असेल. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. आणि वधस्तंभावर येशू ओरडतो, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" त्या खाटेपाशी बसू शकेल असा देव मला तिथं दिसला. 'का' ह्याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. ईयोबालाही बेचाळीस अध्यायांत मिळत नाही.

बाबा, तुकोबांचं तुम्हीच सांगता. 1630 च्या दुष्काळात बायको अन्न अन्न करत गेली, तरी ते विठ्ठलाशी भांडत राहिले. मला भांडायला जागा इथं मिळाली. तुम्हाला तिथं मिळते, त्यावर माझं काही म्हणणं नाही.

गोव्याचं तुम्ही काढणारच. आपली माणसं देव पाठीवर घेऊन घाट चढली, असं आजी सांगायची. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चची ती धर्मचौकशी, 1560 ला सुरू झालं आणि 1812 पर्यंत चाललं, तेही क्रूस हातात धरूनच. ते मी झाकत नाही. चर्चमध्ये आल्यावर जात गळून पडते असंही नाही, लग्न ठरवताना बरोबर आठवते.

आई, "आपल्यातलं कोण असं गेलंय?" म्हणालीस ना? मराठी लेखक बाबा पदमनजी बेळगावचेच, 1831 चा जन्म. 1854 ला बाप्तिस्मा घेतला आणि 1857 ला विधवांच्या हालांवर 'यमुनापर्यटन' ही कादंबरी लिहिली. त्यांच्या घरीही रडारड झाली असणारच.

आता बाबांचा खरा प्रश्न. देव आहे, तर त्या सासूला काही का झालं नाही? बायबलात मत्तयच्या तेराव्या अध्यायात गव्हात निदण, म्हणजे तण, उगवतं. गडी म्हणतात, उपटू? मालक म्हणतो, नको, गहूही उपटला जाईल, कापणीपर्यंत दोन्ही वाढू देत. भाताचा शेतकरी असला सल्ला ऐकणार नाही, कळतं मला. पण लहानपणी तुम्ही मला मेरेवर बसवायचा, "तू तण सोडून भात उपटतीस" म्हणून. तेच आठवलं. कापणी होणार हे मी धरून चालते. तोवर गप्प बसायचं, असं मात्र मी त्यातून काढत नाही. हल्ली जबाबाच्या वेळी सासरचं माणूस बाहेर काढून मी दार लावून घेते. त्यापायी दोनदा बोलणी खाल्लीत.

शनिवारी पहिल्या बसनं येते. तुळशीला पाणी घालीन, त्यात मला अडचण नाही. देवघरात यायचं की उंबऱ्यावर थांबायचं, ते तुम्ही ठरवा. माझी प्लास्टिकची खोळ माळ्यावर आहे, उंदरांनी खाल्ली नसेल तर आईनं झटकून ठेवावी. आणि बाबा, यंदा मला मेरेवर बसवू नका.

तुमची,
ताई